दोन बैठकांच्या मधला महिना

पत्र:

मी पालघर जिल्ह्यातल्या एका आदिवासी तालुक्यात मुख्यसेविका आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या गटात, चोवीस अंगणवाड्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा पाड्यांवर आहेत. दिव्यांग बालकांविषयी सेविकांचं एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं. फोन भिंतीला टेकवून व्हिडिओ चालू ठेवायचा आणि इकडे खिचडीचं, रजिस्टरचं काम उरकायचं, असं बऱ्याच जणींनी केलं. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं एकीने ग्रुपवर टाकली आणि सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका पाड्यावर एक आई साडेतीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. मुलगा मान नीट सावरत नाही, लाळ गळते, बोलत नाही. आमची सेविका कामाला चांगली आहे, पण ती घाबरली. ‘याला इथे कसं सांभाळू? आधी दवाखान्यात दाखवा,’ असं सांगून तिने त्यांना परत पाठवलं. आता प्रकल्प अधिकाऱ्यांनी मला थोडं ऑनलाइन आणि थोडं प्रत्यक्ष असं मिश्र प्रशिक्षण बीटसाठी आखायला सांगितलं आहे. किती तास ऑनलाइन ठेवू आणि किती प्रत्यक्ष? शिवाय मी स्वतः विशेष शिक्षिका नाही. मला हे झेपेल का?

— एक मुख्यसेविका

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी त्या मुलाचं बघू. प्रशिक्षण उभं राहायला वेळ लागेल, तोवर त्याने घरी बसायचं काहीच कारण नाही.

सेविकाताईंना घेऊन तुम्ही स्वतः त्या घरी जा. त्याचं नाव अंगणवाडीच्या पटावर घ्या आणि आईला सांगा, ‘रोज थोडा वेळ तरी आणा, सुरुवातीला तुम्हीही बसा.’ आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकाला त्याच दिवशी कळवा आणि पुढच्या तपासणीला पाठवण्याची संदर्भ चिठ्ठी तयार ठेवा. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायची गरज नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातून मूल थेट जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (डीईआयसी) पाठवता येतं. पत्रातल्या चार ओळींवरून त्याला काय झालं आहे ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण ‘दवाखाना की अंगणवाडी’ असा हा प्रश्नच नाही. त्याला दोन्ही हवं आहे आणि दोन्ही एकाच वेळी हवं आहे. सहा ते अठरा वर्षांच्या, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. सहाच्या आतल्या मुलासाठी पाड्यावर अंगणवाडीशिवाय दुसरं दारच नसतं. ते बंद झालं की मूल सहा वर्षांचं होईपर्यंत कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि शिकण्याचा सगळ्यात मोलाचा काळ हातचा जातो.

या मुलाच्या बाबतीत पहिली गोष्ट जेवणाची. तुम्ही पाड्यांवर पाहिलंच असेल: मान न सावरणाऱ्या मुलाला आई मांडीवर आडवं घेते, त्याची मान मागे जाते आणि ती वरून वाटीने पेज ओतते. मूल ठसकतं, डोळ्यांत पाणी येतं, आई पाठीवर थोपटते आणि पुन्हा ओतते. तिला वाटतं, असंच असतं. पण मान मागे गेली की घशातलं पातळ अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. अशी मुलं वारंवार छातीच्या आजाराने दवाखान्यात येतात आणि वजनही धरत नाहीत. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या गोधड्यांचा आधार देऊन बसवा. कंबर आणि गुडघे वाकलेले हवेत, पाय टेकलेले हवेत, मान सरळ आणि हनुवटी जराशी खाली हवी. भरवणारीने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. लहान चपटा चमचा घ्यायचा, जिभेवर हलकेच टेकवायचा आणि तो गिळेपर्यंत थांबायचं. पाण्यासारख्या पेजेपेक्षा मऊ घोटलेली खिचडी त्याला सोपी जाईल. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. एवढं करूनही दर घासाला ठसका लागत असेल, आवाज ओलसर येत असेल किंवा पुन्हा पुन्हा ताप येत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

मी हे इतकं सविस्तर का लिहिलं? कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. हे वाचून तुम्हाला समजलं. व्हिडिओ पाहून आणखी नीट समजेल. पण सेविकेच्या हाताला ते अजून आलेलं नाही. बीटच्या बैठकीत प्रत्येकीला मान मागे टाकून नुसता आवंढा गिळायला सांगा, मग हनुवटी खाली घेऊन गिळायला सांगा. फरक घशालाच कळतो. मग जोड्या करून एकीने दुसरीला बसवायचं, गोधड्या लावायच्या, चमचा धरायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि त्यानंतरही खरी गोष्ट राहतेच: ते वळवळणारं, रडणारं, ताठ होणारं मूल, त्याची काळजीत पडलेली आई, आणि आजूबाजूला खिचडीसाठी ताटल्या वाजवणारी वीस मुलं. तिथे सेविका एकटी असते. पहिल्या दिवशी तिला जमणार नाही. कोणीतरी शेजारी बसून ‘मान थोडी पुढे घ्या’ एवढं म्हणायला हवं.

म्हणून तासांच्या वाटणीबद्दल मला असं सांगायचं आहे. तुम्ही दोन वाटे धरले आहेत, तिथे तीन धरा. एक फोनवरचा, एक बैठकीतला आणि तिसरा दोन बैठकांच्या मधल्या महिन्याचा, म्हणजे सेविकेच्या स्वतःच्या अंगणवाडीतला. सगळ्यात जास्त वजन या तिसऱ्यावर द्या. आधीचे दोन्ही त्याची तयारी म्हणून आखा. बहुतेक मिश्र प्रशिक्षणं फसतात ती इथेच. व्हिडिओ होतात, मेळावा होतो, आणि मधल्या दिवसांत सेविकेला कोणी विचारतही नाही. तासांचा आकडा मागतच असतील, तर फोनवर आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका आणि महिन्यातून एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष ठेवा. मधले दिवस सेविका नाहीतरी अंगणवाडीत असतेच, त्याला वेगळा वेळ लागत नाही. फक्त त्या दिवसांत करायचं काम ठरवून द्यावं लागतं.

अधिकाऱ्यांपुढे हे मांडताना तुमच्या हातात भक्कम आधार आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाविषयी हेच म्हटलं आहे: बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम, तो स्मार्टफोन आणि डीटीएचवरून द्यावा, आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यावा. म्हणजे महिन्याची बैठक ही काही तुमची जादा मागणी नाही. महिला व बालविकास मंत्रालयाने २०२३च्या मे महिन्यात अंगणवाडीत पोषणाबरोबर शिकण्यावरही भर देणारं ‘पोषण भी, पढाई भी’ सुरू केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धती आली. लवकर ओळख, सगळ्यांमध्ये सामावून घेणं आणि संदर्भ सेवा, अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. तुमच्या आराखड्यात या दोन्हींचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा. पोषण अभियानातलं आयएलए, म्हणजे टप्प्याटप्प्याने शिकण्याची पद्धत, तर तुमच्या सेविकांना आठवत असेलच. एकवीस घटक, एका वेळी एकच घटक, तो बैठकीत शिकायचा आणि पुढच्या बैठकीपर्यंत गृहभेटींत वापरायचा. त्याची मांडणी चांगली होती. तोच सांगाडा घ्या, म्हणजे सेविकांनाही हे परकं वाटणार नाही.

आता फोनवर काय ठेवायचं? जे थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहता येतं ते सगळं. मुलाच्या वाढीचे टप्पे यासाठी उत्तम. सहा महिन्यांचं मूल आवाजाकडे कसं वळतं, वर्षाचं मूल धरून कसं उभं राहतं, दीड वर्षाचं मूल चंद्राकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे कसं बघतं, हे खऱ्या मुलांच्या व्हिडिओत दिसतं तसं कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. स्वमग्न मूल एखाद्या सेविकेच्या वाट्याला वर्षानुवर्षं येणारही नाही. व्हिडिओत तिला ते पाहता येतं आणि पुढे समोर आलं तर ओळखता येतं. व्हिडिओ पाच-सात मिनिटांचा, मराठीत, एका वेळी एकाच गोष्टीचा हवा. पाड्यावर रेंज नसते, तेव्हा महिन्याचे व्हिडिओ बैठकीच्या दिवशीच सगळ्यांच्या फोनमध्ये भरून द्या. लिंक पाठवून दिली म्हणजे प्रशिक्षण पोचलं, असं धरू नका.

दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मात्र पाठ करायला लावू नका. पूर्वी १९९५च्या कायद्यात सात होते, आता एकवीस झाले, ही माहिती म्हणून ठीक आहे. सेविकेला निदान करायचंच नाही, तिला फक्त वेळेवर लक्षात यायला हवं. त्यासाठी मोजकी लक्षणं पुरतात, पण ती झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजेत. हाकेला किंवा भांड्याच्या आवाजाला मूल वळत नाही. नऊ-दहा महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्ष झालं तरी चालत नाही, किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. दोन वर्षं झाली तरी ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही. एक हात सतत मुठीत आवळलेला असतो, किंवा वर्षाच्या आतच मूल फक्त एकच हात वापरतं. फिट येतात. डोळ्यांत पांढरं दिसतं, किंवा वस्तू डोळ्यांजवळ नेऊनच बघतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी येत असलेलं बोलणं किंवा चालणं हरवतं. असं झालं तर एक दिवसही थांबायचं नाही. माता बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात. वजनाच्या रेघेकडे आपण सगळ्या बघतो, त्या पानाकडेही तितक्याच नेमाने बघायला हवं.

या यादीला तुमच्या भागात दोन गोष्टी जोडाव्याच लागतील. पहिली कानाची. पाड्यांवर कान वाहणं इतकं नेहमीचं आहे की कोणी त्याची तक्रारही करत नाही. पण वर्षभर कान वाहणाऱ्या मुलाला ऐकू कमी येतं, मग ते उशिरा बोलतं, गोष्टीच्या वेळी इकडेतिकडे बघतं, आणि आपण त्याला ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. आधी कान दाखवा. दुसरी गोष्ट भाषेची. घरी वारली किंवा कातकरी बोलणारं तीन वर्षांचं मूल तुमच्या मराठीसमोर गप्प बसलं, तर त्याचा वाढीशी काहीएक संबंध नसू शकतो. आईला विचारा: घरी बोलतो का? भावंडांशी भांडतो का? सांगितलेलं काम त्याच्या बोलीत कळतं का? हे न विचारता त्या मुलाच्या नावापुढे शेरा मारणं हा अन्याय आहे. आणि उलट बाजूही तितकीच खरी: ‘भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू’ म्हणत खरोखर ऐकू न येणारं मूलही सोडून दिलं जातं. दोन्ही प्रसंगांचं उत्तर घरी जाऊनच मिळतं. कुठल्याही तयार व्हिडिओत हे नसणार, कारण तो तुमच्या पाड्यासाठी केलेला नाही. हा घटक तुम्हालाच करावा लागेल, आणि तुमच्याच सेविकांपैकी ज्या वारली बोलतात त्यांच्याकडून तो चांगला होईल.

उत्तरं ग्रुपवर टाकण्याचं दुखणंही इथेच सुटतं. ‘दिव्यांगत्वाचे प्रकार किती?’ असा प्रश्न विचारलात तर एकीचं उत्तर चोवीस जणींना चालतं. ‘तुमच्या अंगणवाडीत पाठीमागून हाक मारल्यावर कोणतं मूल वळलं नाही? दोनदा करून पाहिलं का? त्याच्या आईशी काय बोलणं झालं?’ असं विचारलं तर प्रत्येकीला स्वतःच्याच मुलांकडे बघावं लागतं. उत्तर बोलून पाठवू द्या. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्याही फोनवर भरभरून बोलतात.

बैठकीचा दिवस भाषणात घालवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. चोवीस जणी एकत्र येतात आणि प्रोजेक्टरवर स्लाइड वाचल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं. जे हाताने करायचं आणि जे तोंडाने बोलायचं, तेवढंच बैठकीत ठेवा. बसवणं, भरवणं, खेळणं बदलणं. ज्याची बोटं नीट उघडत नाहीत त्याला जाड खडू कसा द्यायचा, खडूला कापडाची पट्टी गुंडाळून मूठ कशी करायची. कमी दिसणाऱ्या मुलाला कुठे बसवायचं. दुसरं म्हणजे आईशी बोलणं. हे सगळ्यात अवघड काम आहे आणि त्याचा सराव कोणीच घेत नाही. एकीने आई व्हायचं, एकीने सेविका. आई म्हणते, ‘याचा बापही उशिरा बोलला होता.’ आता सेविका काय म्हणेल? ‘तुमचं मूल बरोबर नाही’ म्हणाली तर ते दार बंद झालं. ‘तुम्ही म्हणता तसंही असेल. पण कान एकदा दाखवून घेऊ, मी बरोबर येते,’ म्हणाली तर बोलणं पुढे सरकतं. असे चार-पाच प्रसंग प्रत्येकीकडून करून घ्या, बाकीच्यांना ऐकू द्या. आणि एका बैठकीला दिव्यांग मुलाच्या आईला मानाने बोलवा, तिचा प्रवासखर्च द्या, तिला तासभर बोलू द्या. ती जे शिकवते ते आम्ही तज्ज्ञ शिकवू शकत नाही. तालुक्यात बहिरी किंवा अंध मोठी व्यक्ती असेल तर तिलाही बोलवा. मोठं होऊन कामधंदा करणारं दिव्यांग माणूस पाहिल्यावर सेविकेच्या मनातली भीती जशी कमी होते, तशी इतर कशाने होत नाही.

आता तो मधला महिना. प्रत्येक सेविकेने एकच मूल निवडायचं. निदान झालेलं नसलं तरी चालेल, ज्याच्याविषयी तिच्या मनात प्रश्न आहे असं कोणतंही. पहिले काही दिवस काही करायचं नाही, नुसतं बघायचं आणि रोज दोन ओळी लिहायच्या. ‘त्रास देतो’ असं नाही लिहायचं. ‘गाणं सुरू झालं की कानावर हात ठेवतो आणि दाराकडे पळतो’ असं लिहायचं. मग घरी जायचं. मग वर्गातली एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पुढच्या बैठकीत सांगायचं.

दाराकडे पळणाऱ्या या मुलाचंच घ्या. असं मूल मी अनेक अंगणवाड्यांमध्ये पाहिलं आहे. मदतनीसताई त्याला धरून आणतात, तो किंचाळतो, सगळा वर्ग बिघडतो. यात बदल साधा असतो. गाण्याच्या वेळी त्याला गोलाच्या मध्ये न बसवता दाराजवळ, गोलाच्या टोकाला बसू द्यायचं. टाळ्या आणि ताटली वाजवणं थोडे दिवस बंद, नुसतं गाणं. गाण्यानंतर काय आहे याचं चित्र त्याला आधीच दाखवायचं: वाटी, म्हणजे आता खाऊ. आणि वाट्या वाटायचं काम त्याचं. आता त्याला थांबायला कारण मिळतं. पहिल्या आठवड्यात तो एका कडव्यापुरता बसेल. तेही लिहून ठेवा, ती प्रगती आहे. सामावून घेणं म्हणजे त्याला ढकलत गोलात आणून बसवणं नव्हे. गोल त्याला सोसवेल असा करणं हे सेविकेचं काम आहे. आणि हे तिला एकदा जमलं की वर्गातल्या इतर लाजऱ्या, घाबरट मुलांनाही त्याचा फायदा होतो, हे ती स्वतःच तुम्हाला सांगेल.

तुमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ला बोर्डीत आणि पुढे १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर जे केलं त्याचं मोल मला इथे फार वाटतं. मुलं बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. सेविकेचं प्रशिक्षणही असंच तिच्या अंगणवाडीत गेलं पाहिजे.

ते नेणाऱ्या तुम्ही आहात, आणि म्हणूनच ‘मला झेपेल का’ याचं माझं उत्तर स्पष्ट हो आहे. तुम्ही नाहीतरी भेटीला जाताच. त्यातली वीस मिनिटं या एका मुलासाठी ठेवा. रजिस्टर शेवटी बघा. आधी खाली बसा आणि सेविका जे बघते आहे ते तिच्या शेजारी बसून बघा. निघताना तिला जमलेली एक गोष्ट सांगा आणि पुढच्या भेटीपर्यंत करायची एकच गोष्ट सांगा. पाच सूचना दिल्या तर एकही होणार नाही. चोवीस अंगणवाड्यांना महिन्यात जाणं होत नसेल तर निम्म्या ठिकाणी प्रत्यक्ष जा आणि उरलेल्यांशी व्हिडिओ कॉलवर त्याच मुलाविषयी बोला. पुढच्या महिन्यात उलट करा. ऑनलाइनचा खरा उपयोग मला इथेच जास्त दिसतो.

उपचाराचं ज्ञान तुमच्याकडे नाही, ते बाहेरून आणा. डीईआयसीतल्या फिजिओथेरपिस्टना दर बैठकीला येणं जमणार नाही, पण अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बसतील. तेव्हा सेविकांचे प्रश्न आधी गोळा करून पाठवा. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यात असतात. त्यांचं काम शाळेतल्या मुलांचं असलं, तरी तुमची मुलं दोन-तीन वर्षांत त्यांच्याकडेच जाणार आहेत, ओळख आत्तापासून झालेली बरी. श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. मुंबईतलं उम्मीद बालविकास केंद्र २००१पासून विकासात अडथळे असलेल्या मुलांसोबत काम करतं आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देतं. दोन्हीकडे पत्र टाका. सेविका थेरपिस्ट होणार नाही, आणि तिने तसा आव आणू नये हेही पहिल्याच बैठकीत सांगून टाका. ताठ पाय जोराने ओढून सरळ करणं, मालीश करून ‘बरं करण्याचं’ आश्वासन देणं, हे अजिबात नको.

एक गोष्ट लेखी करून घ्या. प्रशिक्षणाचा अर्धा तास कामाच्या वेळेत धरला जाईल, बैठकीच्या दिवशी प्रवासखर्च मिळेल आणि त्या दिवशी दुसरी कोणतीही माहिती मागवली जाणार नाही, असा प्रकल्प अधिकाऱ्यांकडून आदेश काढून घ्या. फोन भिंतीला टेकवून काम करणाऱ्या सेविकांना मी बोल लावणार नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी, वजनं, आहार, गृहभेटी आणि सर्वेक्षणं आहेत. त्यात रात्री घरी बसून व्हिडिओ बघा म्हणणं बरोबर नाही.

मुलांच्या व्हिडिओंबद्दल पहिल्या दिवसापासून कडक राहा. सेविकेने स्वतःच्या वर्गात काढलेली दोन मिनिटांची चित्रफीत शिकायला फार उपयोगी पडते, बैठकीत ती पाहून चर्चा करता येते. पण आईला विचारल्याशिवाय काढायची नाही, मोठ्या ग्रुपवर टाकायची नाही, बैठक झाली की पुसून टाकायची. पाड्यावर कोणाच्या तरी फोनमध्ये त्या मुलाचा फिट आल्याचा व्हिडिओ फिरला, तर ती आई पुन्हा कधी अंगणवाडीची पायरी चढणार नाही.

आराखड्याच्या शेवटी ‘फलनिष्पत्ती’चा रकाना असेल. तिथे प्रमाणपत्रांची संख्या लिहू नका. सहा महिन्यांनी चार गोष्टी मोजू असं लिहा: किती मुलांना संदर्भ चिठ्ठी दिली आणि त्यातली किती खरोखर केंद्रापर्यंत पोचली, पोचली नाहीत ती का, गाडीभाड्यामुळे की घरच्या नकारामुळे, पटावरची किती दिव्यांग मुलं आठवड्यातून चार दिवस तरी अंगणवाडीत येतात, आणि किती सेविकांनी एखाद्या मुलासाठी वर्गात काहीतरी बदललं. केंद्रापर्यंत पोचलेल्या मुलांचा आकडा चिठ्ठ्यांच्या आकड्यापेक्षा बराच लहान निघेल, तयारी ठेवा. आरबीएसके कार्यक्रमाची सुरुवातच २०१३ साली पालघरमधून झाली, पण पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं म्हणजे एका मजुरीवर पाणी सोडणं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो आकडा अधिकाऱ्यांपुढे ठेवलात तर महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी ठेवा, अशी मागणी तुम्हाला जोरात करता येईल.

सगळ्या बीटमध्ये एकदम सुरू करण्याचा आग्रह झाला तरी पहिले दोन महिने सहा-सात अंगणवाड्यांतच करा. त्यात ज्या सेविकेने त्या मुलाला परत पाठवलं तिला नक्की घ्या, आणि तिच्याकडून झालेल्या गोष्टीचा बैठकीत उल्लेखही करू नका. तिला कोणी शिकवलंच नव्हतं. दोन महिन्यांनी पुढच्या गटाला भरवायचं कसं हे तिलाच दाखवायला सांगा.

आराखडा लिहून झाला की मला जरूर पाठवा. बैठकीत सरावाला घ्यायचे आई-सेविकेचे प्रसंग माझ्याकडे लिहिलेले आहेत, ते मी पाठवते. वारलीत ते कसे बोलले जातील ते तुम्ही बघा.